आबांच्या डोळ्यांवर पट्टी होती तेव्हा

बुवापाड्यातल्या आमच्या गल्लीत प्रत्येकाचा स्वभाव ठरलेला होता. आडनाव सांगावं तसा लोक तो सांगायचे. आमच्या घरात आबा रागीट, आई गरीब आणि मी शांत. कोणी नवीन भाडेकरू आला की त्याला आठवडाभरात हे कळायचं आणि मग तोही तसंच वागायचा. आबांशी जपून बोलायचा, आईकडे हक्काने विरजण मागायचा आणि माझ्याशी बोलायचाच नाही, कारण शांत मुलीशी बोलायचं तरी काय?

आबा म्हणजे माझे वडील. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ते ऑपरेटर होते. शिफ्टची नोकरी. त्यांचा आवाज चढला की नळावर पाणी भरणाऱ्या बायकांपर्यंत जायचा. त्यांनी आम्हाला कधी मारलं नाही, पण ताट सरकवायचे, तांब्या आपटायचे, दाराबाहेर खेळणाऱ्या पोरांवर असे खेकसायचे की पोरं चेंडू तिथेच टाकून पळायची. लोक आमच्याकडे यायच्या आधी आईला खिडकीतून हळूच विचारायचे, "आबा आहेत का?" हो म्हटलं की नंतर येतो म्हणायचे.

मी बारावीनंतर शिकले नाही. उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये एका सिंधी बाईंचा शिलाईचा छोटा कारखाना होता, तिथे मशीनवर बसायचे. उशांचे अभ्रे, पडदे, सोफ्याची कव्हरं. त्या बाईंना सगळे अम्मा म्हणायचे. अम्मा दिवसभर बोलायच्या, बायका दिवसभर बोलायच्या, आणि मी शिलाई मारायचे. कापड चुकीचं कापलं गेलं, लाईट गेली, कोणाचं भांडण झालं, तरी माझ्या चेहऱ्यावर काही दिसायचं नाही. अम्मा गिऱ्हाइकांना माझ्याकडे बोट करून सांगायच्या, "ये लड़की तो बर्फ है, बर्फ." त्यांना ते कौतुक वाटायचं. मला काय वाटायचं हे मी कधी पाहिलं नाही. पाहायला काही असेल असंही वाटलं नव्हतं.

एक दिवस दुपारी आमच्या गल्लीतले एक काका सायकलवरून कारखान्यात आले. घामाने शर्ट अंगाला चिकटला होता. म्हणाले, "चल लवकर. आबांच्या डोळ्यांत कॉस्टिक सोडा उडालाय. दोन्ही डोळ्यांत. कंपनीवाल्यांनी इथेच कॅम्पातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात आणलंय."

मशीनवर एक अभ्रा अर्धा शिवून झाला होता. मी तो पुरा केला. कोपरा वळवला, दोरा कापला, घडी घालून ढिगावर ठेवला आणि मग उठले. बाकीच्या बायका मशीनी थांबवून माझ्याकडे बघत होत्या. एक जण दुसरीला म्हणाली, "किती धीराची आहे बघ." मला धीर वगैरे काही नव्हता. खूप वेळ मांडी घालून बसल्यावर पाय आपला वाटत नाही, तशी मी अख्खी झाले होते. चालत होते, पण जमीन लागत नव्हती.

दवाखान्यात आबा बाकावर बसले होते. दोन्ही डोळ्यांवर पांढऱ्या पट्ट्या, वर कापूस, गालावर लाल चट्टे. कंपनीच्या लोकांनी वेळेवर डोळ्यांवर पाणी मारलं म्हणून बरं, असं डॉक्टर म्हणाले. नजर राहील की नाही हे लगेच सांगता येणार नाही. पट्टी ठेवायची, मलम बदलायला यायचं, उन्हात न्यायचं नाही, आणि रडू द्यायचं नाही. डॉक्टरांनी हे शेवटचं सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "ते कुठले रडतायत." ती स्वतः मात्र पदर तोंडाला लावून हुंदके देत होती.

आई एकटी कधी स्टेशनपलीकडे गेली नव्हती. दवाखान्याच्या फेऱ्या तिला जमण्यासारख्या नव्हत्या. मी अम्मांकडे रजा मागायला गेले. आपण बाळ म्हणतो तसं त्या सिंधीत पुट म्हणायच्या. म्हणाल्या, "जा पुट, बाप पहले. मशीन कहाँ भाग रही है?" आणि मी घरी राहिले.

तोपर्यंत मी आबांबरोबर सबंध दिवस असा कधी काढलाच नव्हता. ते आले की मी निघालेली असायचे, मी आले की ते निघालेले. गाठ पडायची ती ते थर्ड शिफ्ट करून सकाळी घरी यायचे तेव्हा. त्यांच्या डोळ्यांत रात्रभराची जाग, नाकात केमिकलचा वास, आणि गल्लीत नळाची भांडणं, रेडिओ, शाळेला जाणाऱ्या पोरांचा गोंधळ. त्या तासाला त्यांना झोप हवी असायची आणि सगळ्या जगाला आवाज करायचा असायचा. मी त्यांना ओळखत होते ते त्या एका तासापुरतं. हे मला तेव्हा, त्यांच्याशेजारी स्टुलावर बसून, हळूहळू कळायला लागलं.

पहिल्या सकाळी ते चहा गार झाला म्हणून चिडले. मी मनात म्हटलं, झालं सुरू. पण आईने चहा परत गरम करून दिला, तो फुंकर मारून पिता पिता राग गेला. गेला म्हणजे खरोखर गेला, मागे काही राहिलं नाही. मग त्यांनी मला विचारलं, शेजारच्यांचा कोंबडा असा घसा बसल्यासारखा का ओरडतोय? मी म्हटलं, "म्हातारा झालाय." ते म्हणाले, "नाही, तो रात्रपाळी करतो." आणि स्वतःच हसले. थोड्या वेळाने आईच्या हातून पातेलं पडलं, तर त्यांनी खाटेची कड दोन्ही हातांनी अशी घट्ट धरली की बोटं पांढरी पडली. भ्यालेले आबा मी कधी पाहिले नव्हते. जेवल्यावर वालाच्या शेंगा मागितल्या, मांडीवर सूप घेऊन चाचपडत सोलत बसले, आणि त्यांच्या आईची एक गोष्ट सांगायला लागले, तीही अर्ध्यात सोडून झोपले.

हे सगळं एका दिवसात. मी बघत होते. त्यांना बघितलेलं कळत नव्हतं, म्हणून मला अगदी समोर बसून बघता येत होतं. रागीट माणूस दिवसभरात रागावतो तरी किती? चहा गार होऊन परत गरम होईपर्यंत. बाकीचा दिवस तो काय असतो, ते कोणी सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलं नव्हतं.

मध्ये एकदा कंपनीतले एक गृहस्थ भेटायला आले, आबांच्या बरोबरीचे. केळी घेऊन आले होते. आईने पाणी दिलं, तेव्हा ते तिला म्हणाले, "वहिनी, लवकर बरं करा यांना. प्लांटवर करमत नाही आम्हाला. यांच्या नकला नसल्या की शिफ्ट सरत नाही."

आई पाण्याचं भांडं हातात धरून उभी राहिली. "कसल्या नकला?"

"म्हणजे? घरी करत नाहीत? साहेबांची, सिक्युरिटीवाल्याची, कॅन्टीनच्या म्हाताऱ्याची. आबा, करा ना साहेबांची."

आबा नको नको म्हणाले. मग उशीला टेकून बसले, मान तिरकी केली आणि नाकातून बोलायला लागले, "ये व्हॉल्व किसने खोला? मेरे को कारण नहीं चाहिए, मेरे को नाम चाहिए." डोळ्यांवर पट्ट्या, गालावर चट्टे, आणि तोंडातून तो साहेब. पाहुणे मांडीवर थापा मारून हसले. आई पदर तोंडात धरून स्वयंपाकघरात पळाली, तिचे खांदे हलत होते. लग्नाला एवढी वर्षं झाली होती आणि तिला हे माहीत नव्हतं.

मला कळलं की हे गमतीचं आहे. म्हणजे समजलं. पण पोटातून वर काही आलं नाही. मी पाहुण्यांना केळं सोलून दिलं.

दवाखान्यात मलम बदलायला आम्ही सकाळी रिक्षाने जायचो. नंबर लावून बसायचं. कंपाउंडर नावं पुकारायचा. एका फेरीला आम्ही बराच वेळ बसलो होतो. आमच्या नंतर आलेला एक व्यापारी आत गेला, मग त्याच्या ओळखीचा कोणी, मग एक बाई गाडीतून उतरून सरळ आत. मी उठून विचारलं, आमचा नंबर? कंपाउंडर म्हणाला, "बैठो, बुलाएंगे." मी बसले. परत दोघं आत गेले. मी परत विचारलं. या वेळी त्याने माझ्याकडे न बघता आबांकडे बोट केलं आणि म्हणाला, "इनको क्या जल्दी है? इनको कौन सा सिनेमा देखना है?"

बाकावरचे एक-दोघे हसले.

पुढे मी काय काय बोलले ते सलग आठवत नाही. हिंदीत सुरू केलं, मध्येच मराठीत गेले, परत हिंदीत आले. तू माणूस आहेस का, असं म्हणाले. तुझ्या डोळ्यांत ओतते म्हणजे कळेल, असंही म्हणाले. त्याच्या टेबलावर हात आपटला, तर त्याच्या पेनांचं भांडं खाली पडलं. दवाखाना गप्प झाला होता आणि त्या गप्पपणात एक जाडा, घोगरा आवाज चालला होता. तो माझा होता हे मला भिंतीवरून परत ऐकू आला तेव्हा कळलं.

आणि मग मागून आबांचा आवाज ऐकला. ते शेजारच्या माणसाला विचारत होते, "कोण बाई ओरडतेय हो?"

त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं.

"फार तापलीय बिचारी," आबा म्हणाले. "घरात कोणाचं तरी दुखणं जास्त दिसतंय." मग त्यांनी हात पुढे करून, माझ्या रिकाम्या जागेवर चाचपडलं. "बाळ, कुठे गेलीस? त्या बाईला जरा पाणी दे बघ."

मी त्यांच्यापाशी आले. म्हटलं, "आबा, मीच."

त्यांनी मान वर केली. तोंड थोडं उघडं राहिलं. पट्टीमुळे चेहऱ्यावर काय आहे ते पुरतं दिसत नव्हतं. मग त्यांनी माझा हात चाचपून धरला, खाली ओढून मला बसवलं, आणि हळू आवाजात म्हणाले, "असू दे. त्याला पण शंभर माणसं बघायची असतात. गप बस जरा. श्वास घे." हे आबा मला सांगत होते. समोर कंपाउंडर पेनं गोळा करत होता. आम्हाला लगेच आत घेतलं.

आम्ही रिक्षाने परत निघालो. अंबरनाथचा फाटा आला तेव्हा म्हणाले, "तुझा असा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता."

"मी पण," मी म्हटलं.

"राग आला होता?"

मी विचार करून पाहिलं. खरंच आठवून पाहिलं, काय आलं होतं ते. "माहीत नाही आबा. तोंड बोलत होतं. आत काही नव्हतं."

ते मान हलवत राहिले. रिक्षा खड्ड्यातून गेली तसा त्यांनी पुढचा दांडा धरला. म्हणाले, "माझं पण तसंच होतं. आवाज निघाल्यावर मला कळतं की मी चिडलोय. तोवर सगळी घाबरून उभी असतात. मग आता काय करायचं, म्हणून अजून थोडं ओरडतो."

घरी पोचल्यावर माझ्या हातून सगळं सांडायला लागलं. भाकरीचं पीठ मळताना. मन ठिकाणावर होतं, नुसते हात नव्हते. आईने परात माझ्यापुढून ओढून घेतली आणि स्वतः मळायला लागली.

पट्टी काढली त्या दिवशी डॉक्टरांनी खोलीत अंधार केला होता. उजवा डोळा वाचला होता. डाव्याला धुकं राहणार होतं, कायमचं. आबांनी उजव्या डोळ्याने आधी डॉक्टरांकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "बारीक झालीस," म्हणाले. आई घरी होती, तिला सांगायला मी रिक्षातून उतरून पुढे पळत गेले. म्हणजे लोकांना ते पळणं दिसलं. एवढी शांत पोरगी आज कशी पळतेय, असं नळावर कोणीतरी म्हणालं.

कंपनीने त्यांना हलकं काम दिलं, जनरल शिफ्टचं. पण पट्टी निघाल्यावर दोन-चार दिवसांतच, आमटीत मीठ नाही म्हणून त्यांनी ताट सरकवलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. शेजारच्या काकू खिडकीत आल्या आणि आईला म्हणाल्या, "बरे झाले वाटतं!" आई हसली. तिचा जीव खरोखरच भांड्यात पडला होता. त्या मधल्या दिवसांतला मऊ, भित्रा, नकला करणारा माणूस तिला परका वाटत होता, हे तिने मला पुढे कधीतरी सांगितलं. ओरडणाऱ्या माणसाबरोबर कसं राहायचं ते तिला येत होतं. आबांनी त्यानंतर घरात नक्कल कधी केली नाही. आईने दोनदा मागितली, तर "काहीतरीच काय" म्हणाले.

मीही मशीनवर परत गेले. कंपाउंडर अम्मांच्या ओळखीतला निघाला. गोष्ट कारखान्यात माझ्याआधी पोचली होती. अम्मांनी मला बाजूला बसवलं, कपाळाला हात लावून पाहिला. "उस दिन तेरी तबियत ठीक नहीं थी ना, पुट?" मी हो म्हटलं. बायकांनाही ते पटलं. रात्रीची जागरणं, बापाचं टेन्शन, पोरगी आजारी पडली असणार. महिन्याभरात ती गोष्ट कोणी काढेनाशी झाली, आणि अम्मा परत गिऱ्हाइकांना माझ्याकडे बोट करून बर्फ म्हणायला लागल्या. ठरलेल्यात जे बसत नव्हतं, ते आजारपणाच्या नावावर गेलं.

नव्वद सालानंतर माझं लग्न झालं आणि मी बदलापूरला आले. तेव्हा तिथे भाताच्या शेतांच्या कडेला चार-चार मजली इमारती उठत होत्या. आमच्या खिडकीतून एका बाजूला सिमेंटच्या गोण्या आणि दुसऱ्या बाजूला बगळे दिसायचे. सासरच्यांना आधीच सांगून ठेवलेलं होतं, मुलगी शांत आहे. त्यांनी ते घेतलं आणि मीही ते चालवलं. मला मुलगी झाली. दिवस जात होते.

आबा गेले ते सकाळी, आंघोळीला बसल्यावर. बातमी आली तेव्हा मी मुलीच्या वेण्या घालत होते. दुसरी वेणी घातली, रिबन बांधली, शेजारणीला सांगून तिला शाळेत पाठवलं आणि बुवापाड्याला गेले. सगळं मीच केलं. विहारातल्या भंतेजींना निरोप, पांढरी चादर, लांबच्या नातेवाइकांना फोन. बायका माझ्या गळ्यात पडून रडल्या, मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. धीराची आहे, हे मला परत ऐकू आलं.

पुण्यानुमोदनाच्या सभेला विहारात बरीच माणसं आली. पांढऱ्या कपड्यांतली ओळखीची माणसं, वंदना झाली, मग एकेक उठून बोलायला लागलं. सगळ्यांनी आबांच्या रागाच्या गोष्टी सांगितल्या. मायेने सांगितल्या. ते कसे खेकसायचे, चेंडू कसा जप्त करायचे, मिरवणुकीच्या वर्गणीवरून कोणाला कसं झापलं होतं. माणसं हसत होती आणि डोळे पुसत होती. मग कोणीतरी मला म्हणालं, तू बोल.

मी उभी राहिले. कंपनीतला तो साहेब, शेंगा, कोंबडा, खाटेची कड धरलेले हात, हे सांगायचा प्रयत्न केला. मला सांगता येत नाही. एक आठवण, मग दुसरी, मध्ये जोडायला काही नाही. लोकांनी ऐकून घेतलं. मी बसल्यावर मागून एक आजोबा म्हणाले, "ते खरं गं, पण राग काय होता!" आणि सभा परत त्या वाटेला लागली. मला वाईट वाटलं नाही. काहीच वाटलं नाही. समोर मेणबत्ती वाकडी झाली होती, ती मी उठून सरळ केली.

संध्याकाळी भांडी घासताना आई म्हणाली, "तू रडली नाहीस."

"नाही आलं."

"मलाबी नाही अजून," ती म्हणाली. "रडल्यासारखं केलं बायांसमोर. आत काय हलतच नाही." तिने घासलेली कढई माझ्याकडे सरकवली आणि मी ती विसळली.

काही महिन्यांनी मी तिला बदलापूरला आणलं. ती एकटी राहू शकेल असं कोणालाच वाटत नव्हतं, गरीब बाई. आमच्या इमारतीत पाणी एक वेळ यायचं आणि पंप सुरू करण्यावरून रोज कुरबूर असायची. पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ आपली टाकी भरली की पंप बंद करायचे. आम्ही वरच्या मजल्यावरचे सगळे वर्षानुवर्षं हे सोसत होतो. आई आल्यावर थोड्या दिवसांतच एका सकाळी जिन्यातून आरडाओरडा ऐकू आला. मी दार उघडून खाली वाकून पाहिलं. आई बादली घेऊन पंपाच्या बटणासमोर उभी होती, कमरेला पदर खोचलेला, आणि ते गृहस्थ मागे सरकत होते. "हात लावून बघा बटणाला," ती म्हणत होती. "लावा की! बघू द्या सगळ्यांना." तिचा आवाज मोठा होता, स्वच्छ होता, आणि तो काढायला तिला काही त्रास होत होता असं दिसत नव्हतं.

त्या दिवशी वरच्या सगळ्या मजल्यांना पाणी आलं. पुढेही येत राहिलं.

आठवडाभराने गच्चीवर कपडे काढताना शेजारच्या बाई माझ्याजवळ आल्या. इकडे तिकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या, "राग मानू नका हं. पण तुमच्या आई फार रागीट आहेत, नाही? तुम्ही एवढ्या शांत, तुम्ही बहुतेक वडिलांवर गेला असाल."

त्यांनी आबांना कधी पाहिलं नव्हतं. सांगायला मी तोंड उघडलं होतं. मग वाटलं, कुठून सुरू करणार? "असेल," मी म्हटलं, आणि दोरीवरची चादर ओढली. तिचं दुसरं टोक त्यांनी धरलं आणि आम्ही दोघींनी मिळून तिची घडी घातली.